मुक्या रेषांचे हसू

विनोदाला भाषा लागते असे आपण धरून चालतो, आणि ते बहुतांशी खरेही आहे. कोटी, श्लेष, म्हणीची मोडतोड, उच्चाराची नक्कल ही सारी भाषेच्याच पोटी जन्मलेली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’ किंवा गडकऱ्यांचा ‘बाळकराम’ वाचताना मराठी वाचक हसतो. पण तेच लेखन परभाषेत नेऊ म्हटले तर वाक्य पोहोचते आणि हसू मागे राहते. इतकेच कशाला, मराठीतल्या मराठीतही काही दशके उलटली की विनोदाला टीपा जोडाव्या लागतात. कोल्हटकरांनी ज्या रूढींची टर उडविली त्या ज्याने पाहिल्याच नाहीत, त्याला त्यातील बराच भाग समजावून द्यावा लागतो. आणि समजावून दिलेला विनोद हा शिळ्या पोह्यांसारखाच असतो, पोट भरते पण चव लागत नाही.

आता सुरतेच्या बमरोलीसारख्या वस्तीचा विचार करावा. एके काळचे हे स्वतंत्र गाव आज सुरत महानगरात मिसळून गेले आहे. शेजारी पांडेसऱ्याची औद्योगिक वसाहत आहे, यंत्रमागांचा खडखडाट आहे, कापडाच्या रंगाई-छपाईच्या गिरण्या आहेत. या सगळ्या पट्ट्यात धुळे, जळगाव, नंदुरबारकडून पोटासाठी आलेली मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. त्यांच्या घरात अहिराणी, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी. भिंतीला भिंत लागून ओडिशातील गंजामकडचा माग चालविणारा कामगार, त्यापलीकडे उत्तर प्रदेशातला किंवा बिहारमधला. अशा एखाद्या चाळीच्या ओट्यावर चार घरची मुले एकत्र बसली असता कोणती थट्टा सर्वांना एकाच क्षणी कळेल? मराठी कोटी तापी ओलांडण्यापूर्वीच दमते, आणि उडिया कोटीचीही तीच गत. परंतु त्याच मुलांच्या हाती असलेल्या मोबाइलवर शंभर वर्षांपूर्वीचा एखादा मूक व्यंगचित्रपट लावून दिला, तर दुभाष्याची गरज पडत नाही. मांजराची शेपटी सुटून आली, मांजराने ती हातात धरून काठीसारखी टेकवली आणि ते डौलात चालू लागले, की सगळे एकदमच हसतात. हे हसू इतके टिकाऊ का ठरले, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही.

या प्रकाराचा आरंभ पॅरिस आणि न्यूयॉर्क येथे जवळजवळ एकाच सुमारास झाला. १९०६ साली जे. स्टुअर्ट ब्लॅक्टन याने फळ्यावर खडूने एका पुरुषाचा आणि एका स्त्रीचा चेहरा काढला आणि ते चेहरे पडद्यावर आपोआप हालू लागले. पुरुष चिरूट ओढतो, धूर सोडतो, आणि त्या धुरात बिचारीचा चेहरा दिसेनासा होतो. प्रसंग एवढाच. पुढे १९०८ च्या ऑगस्टमध्ये एमिल कोल या फ्रेंच व्यंगचित्रकाराचा ‘फँटस्मागोरी’ हा पट दाखविला गेला. कोलने त्यासाठी सुमारे सातशे चित्रे काढली आणि पडद्यावर ती दोन मिनिटांच्या आत संपली. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा, जणू पाटीवर पेन्सिलीने काढलेल्या. वस्तुतः चित्रे पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने काढलेली होती; फिल्म उलट छापून पांढऱ्याचे काळे आणि काळ्याचे पांढरे केले होते. त्यात एक विदूषकासारखा माणूस आहे. नाटकगृहात एका गृहस्थापुढे पिसांची प्रचंड टोपी घातलेली बाई येऊन बसते. गृहस्थाला काही दिसेना, म्हणून तो तिच्या टोपीची पिसे एकेक करून उपटू लागतो. बाटलीचे फूल होते. चित्रकाराचे खरेखुरे हात मध्येच पडद्यावर येतात आणि मोडलेल्या माणसाची डागडुजी करतात. कथा म्हणावी असे त्यात काही नाही. तरीही तो पाहताना पुढे काय होणार हे कळत नाही, आणि जे होते ते पाहून हसू आवरत नाही.

या हसण्याचे मूळ शब्दात नाही, प्रसंगातही फारसे नाही; ते वस्तूच्या वागण्यात आहे. बाटलीने बाटलीसारखे असावे, शेपटीने शेपटीसारखे, एवढी आपली सृष्टीकडून अपेक्षा असते. या चित्रांतील वस्तू ती अपेक्षा मोडतात. पण कशाही मोडत नाहीत. बाटलीचे फूल व्हावयाचे तर बाटलीच्या रेषेतच फुलाची रेषा आधीपासून दडलेली असावी लागते. ती चित्रकाराला दिसते. दाखविल्यावर आपल्यालाही दिसते, आणि मग आपल्याला आधी कशी दिसली नाही याचेच नवल वाटते. लहान मूल ढगात हत्ती पाहते त्याच जातीची ही दृष्टी आहे. ती कोणत्याही देशाच्या मुलाला शिकवावी लागत नाही, म्हणून तिच्यावर उभारलेला विनोद शिळा होत नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात येण्यासारखी आहे. या पटांतील पात्रे स्वतः हसत नाहीत. पिसे उपटणारा गृहस्थ अगदी गंभीरपणे पिसे उपटतो. आपल्याकडे तमाशातील सोंगाड्याला हे मर्म पूर्वीपासून ठाऊक आहे: जो स्वतः हसतो त्याला लोक कमी हसतात.

महाराष्ट्राचा या गोष्टीशी संबंध आला तो दादासाहेब फाळके यांच्यामुळे. ‘राजा हरिश्चंद्र’ हा त्यांचा पट ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये लागला हे सर्वांस ठाऊक आहे. पौराणिक पटांचे जनक म्हणून त्यांची थोरवी इतक्या वेळा गायिली जाते की, हा मनुष्य मुळात हरहुन्नरी आणि गमत्या होता हे झाकून जाते. ते चित्रकार होते, छायाचित्रकार होते, छापखान्यातील ठसे करणारे होते, आणि जादूगारही होते. जादूचे प्रयोग ते ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने करीत. फाळके हे नाव उलटे वाचले की केळफा होते. ज्या माणसाला स्वतःचे आडनाव उलटे करून त्यातून इंद्रजाल दाखविण्याची बुद्धी होते, त्याला फिल्म उलटसुलट करण्याची बुद्धी न झाली तरच आश्चर्य.

या माणसाच्या घडणीत सुरतेचाही एक धागा आहे, आणि सुरतकर मराठी मंडळींना तो ठाऊक असावा. फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले. हे कलाभवन १८९० मध्ये प्रोफेसर त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या पुढाकाराने आणि सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने निघाले. गज्जर हे १८६३ साली सुरतेस जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ. कापडाच्या रंगाईचे शास्त्र हा त्यांचा खास विषय. बमरोली-पांडेसऱ्याच्या भागात आज जो रंगाई-छपाईचा व्यवसाय पोट देतो, त्याचे शास्त्रीय शिक्षण या देशात रुजविणाऱ्यांत त्यांचे नाव घ्यावे लागते. या गज्जरांनी तरुण फाळक्यांची हौस ओळखली आणि कलाभवनातील छायाचित्रणाची शाळा व प्रयोगशाळा त्यांना मोकळी करून दिली. पुढे गोध्र्याला फाळक्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला, तेथे प्लेगने त्यांची पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेले. गुजरातेने त्यांना विद्या दिली आणि दुःखही दिले.

वस्तू आपोआप हालते असे दाखविण्याची त्यांची पहिली करामत मात्र विनोदी नव्हती. १९१२ साली इंग्लंडहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन परतल्यावर त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करीत महिनाभर त्याचा पिच्छा पुरविला. पडद्यावर मातीतून कोंब वर येतो, पाने फुटतात, वेल चढते, आणि हे सर्व मिनिटभरात. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ही चिमुकली फिल्म ओळखली जाते. ती दाखवूनच त्यांनी आपल्या उद्योगाला भांडवल मिळविले. सावकाराला पुराणापेक्षा वाटाणा अधिक पटला असे म्हणावयास हरकत नाही.

त्यानंतर महायुद्ध आले. १९१४ साली फाळके आपले पट घेऊन लंडनला गेले होते. तेथे त्यांचे कौतुक झाले, तेथेच राहून काम करण्याविषयी सूचनाही आल्या. पण नाशिकला त्यांची माणसे वाट पाहत होती. ते परतले आणि युद्ध पेटले. कोरी फिल्म विलायतेहून यावयाची. ती मिळेनाशी झाली. पैसा पुरविणाऱ्यांनी हात आखडते घेतले. कारखाना तर बंद ठेवता येत नाही आणि मोठा पौराणिक पट तर काढता येत नाही, अशा पेचात त्यांनी छोटे छोटे गमतीचे पट केले. ‘आगकाड्यांची मौज’ हा त्यांतला एक, १९१५ च्या सुमारास केलेला. नट नाही, पोशाख नाही, देखावा नाही. आगपेटी एक, आणि तिच्यातील काड्या.

कोलनेही १९०८ साली आगकाड्यांचा असाच एक पट केला होता, आणि फाळक्यांच्या पटाचे मूळ त्यात शोधले जाते. तसे असल्यासही त्यात उणेपणा नाही. कल्पना परदेशातून आणता येते; काडी मात्र आपल्याच हाताने हालवावी लागते. ही हालचाल कशी करावयाची हे समजून घेण्याजोगे आहे. मूकपटाच्या काळी कॅमेरा हाताने दांडा फिरवून चालवीत आणि सेकंदाला साधारण सोळा चित्रे उमटत. दांड्याच्या एका फेऱ्यात आठ चित्रे निघत. काडी चालवावयाची तर दांडा दुसऱ्या आसावर बसवून एका फेऱ्याला एकच चित्र घ्यावयाचे. मग काडी केसभर सरकवावयाची, हात बाजूला घ्यावयाचा, पुन्हा एक चित्र. पडद्यावर काडी एक मिनिट नाचावी असे वाटले, तर प्रत्येक चित्रासाठी ती सरकवल्यास हा खेळ नऊशे साठ वेळा करावा लागतो. मध्ये कोणाचा धक्का लागला, वाऱ्याने काडी कलली, किंवा उजेड पालटला की सगळे मुसळ केरात. पडद्यावर जी मौज दिसते ती टेबलावर कंटाळ्याची सीमा असते. विनोदासाठी इतका सोशिकपणा लागतो हे पाहणाऱ्याला कळू नये, यातच त्या कलेचे कसब.

फाळक्यांच्याही आधी कल्याणच्या पटवर्धनांनी महाराष्ट्राला हालती चित्रे दाखविली होती. महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांचे पुत्र यांची ‘शांबरिक खरोलिका’ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गावोगाव फिरली. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे, मागे दिवा, आणि एकाच आकृतीच्या निरनिराळ्या अवस्था झपाझप पालटून साधलेला चलनाचा भास. परंतु त्या खेळाला निवेदन होते, गायन होते. चित्राने अर्धे सांगावयाचे आणि उरलेले अर्धे निवेदकाने. मूकपटही तसे खरोखर मुके कधीच नव्हते. पडद्यापुढे पेटी-तबला वाजे, आणि पाटी वाचता न येणाऱ्यांना ती वाचून दाखविणारा मोठ्या आवाजाचा माणूस असे. आगकाडीच्या पटात मात्र त्या माणसाला काम नव्हते. काडीला वाचून काय दाखविणार?

अमेरिकेत विन्सर मॅके या चित्रकाराने या खेळाला स्वभावाची जोड दिली. १९१४ च्या त्याच्या पटातील गर्टी ही अवाढव्य डायनोसॉर. पण वागणे एखाद्या लाडावलेल्या मुलीचे. तिच्यासाठी मॅकेने सुमारे दहा हजार चित्रे काढली, आणि तो स्वतः रंगमंचावर पडद्यापाशी हाती चाबूक घेऊन उभा राही. तो सांगे, पाय उचल. गर्टी पाय उचली. तो रागावे, गर्टी रडू लागे. ती तळेच्या तळे पिऊन टाकते, शेजारून जाणाऱ्या मॅमथला शेपटीला धरून पाण्यात भिरकावते, आणि एवढे करून निरागस चेहऱ्याने उभी राहते. येथे केवळ वस्तूचे रूपांतर नाही. हट्ट आहे, लाज आहे, मान वेळावणे आहे. प्रत्येक घरात असे एक मूल असतेच, मग ते घर न्यूयॉर्कचे असो की बमरोलीचे.

१९१९ मध्ये फेलिक्स नावाचे काळे मांजर अवतरले. पॅट सलिव्हनच्या चित्रशाळेतून ते निघाले आणि ते रेखाटणारा हात ऑटो मेस्मर याचा होता. फेलिक्सची शेपटी हे मूक विनोदाचे सर्वांत बोलके उदाहरण होय. फेलिक्स अडचणीत सापडला की हात पाठीशी बांधून येरझारा घालतो. त्याच्या डोक्यावर प्रश्नचिन्ह उमटते. आणि तो ते प्रश्नचिन्ह वरच्या वर पकडून त्याचा आकडा करतो आणि पुढे जातो. अडचणीचे चिन्ह हेच अडचणीतून सुटण्याचे साधन! तत्त्वज्ञाला पानभर लिहावे लागेल ते मांजर दोन सेकंदांत करते. १९२३ च्या एका पटात तो हॉलिवुडला जातो, शेपटीची छडी करून चार्ली चॅप्लिनची हुबेहूब चाल चालतो, आणि खुद्द चॅप्लिन येऊन त्याला चोरीबद्दल दटावतो. मॅक्स फ्लायशरचा कोको विदूषक तर दौतीतूनच बाहेर पडे; कागदावरून उडी मारून चित्रकाराच्या टेबलावर धुमाकूळ घाली, आणि शेवटी पुन्हा शाईत बुडी मारी. विक्रमाच्या खांद्यावरून निसटणाऱ्या वेताळाच्या गोष्टी ऐकलेल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

१९२८ च्या नोव्हेंबरात डिस्नेचा ‘स्टीमबोट विली’ आला आणि व्यंगचित्रांना आवाज फुटला. त्याने पुष्कळ दिले; संगीताच्या ठेक्यावर नाचणारे चित्र ही साधी देणगी नव्हे. पण एक गोष्ट गेली. पात्र बोलू लागताच डोक्यावरचे प्रश्नचिन्ह अनावश्यक झाले. जे शेपटीने सांगावे लागत होते ते तोंडाने सांगता येऊ लागले, आणि सोपे झाले म्हणूनच थोडे फिके झाले. फेलिक्सला हा बदल मानवला नाही. पाचसहा वर्षांपूर्वी जगभर गाजलेले ते मांजर पाहता पाहता मागे पडले. आपल्याकडे ‘प्रभात’ने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ केला. पुढे १९५७ साली फिल्म्स डिव्हिजनने जातककथेवर ‘बनियन डिअर’ काढला. ही बोलत्या युगातील कामे आहेत, त्यांचा विचार वेगळा.

मूक व्यंगचित्रांतील सारेच टिकले असे मात्र नाही, आणि हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्या काळच्या अमेरिकन पटांत काळ्या लोकांची, ज्यूंची, चिनी माणसांची जी विकृत चित्रे हसण्यासाठी रंगविली गेली, त्यांना आज कोणी सुजाण प्रेक्षक हसत नाही. तेथे हसू वस्तूच्या वागण्यातून निघत नव्हते; समोरच्या जमावाच्या मनातील तुच्छतेवर ते उभे होते. जमाव गेला, तुच्छतेची लाज वाटू लागली, आणि चित्र उघडे पडले. त्याच कलावंताच्या त्याच पटातील एक विनोद ताजा राहतो आणि दुसरा कुजतो. कोल्हटकरांच्या विनोदाला टीप लागते; या दुसऱ्या प्रकारच्या विनोदाला टीपही वाचवू शकत नाही.

विनोद टिकला तरी फिल्म टिकावी लागते. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती भडकन पेटे, आणि पेटली नाही तर डब्यातच आकसून, चिकटून तिचा भुगा होई. पुष्कळशा जुन्या फिती चांदी काढण्यासाठी गेल्या. अमेरिकेचे दैव या बाबतीत थोर. १९१२ पर्यंत तेथील कायद्यात चित्रपटाच्या हक्काची स्वतंत्र तरतूद नव्हती. म्हणून निर्माते फिल्ममधील एकेक चित्र कागदाच्या लांब पट्टीवर छापून छायाचित्र म्हणून सरकारी ग्रंथालयात नोंदवीत. फिल्म नष्ट झाल्या, कागद राहिले, आणि त्या कागदांवरून पुढे कित्येक पट पुन्हा उभे करता आले. कारकुनी सोयीने कलेवर एवढे उपकार क्वचितच केले असतील. आपल्याकडे तसे काही घडले नाही. मूकपटाच्या युगात या देशात तेराशेच्या आसपास पट निघाले, त्यांतील हाताच्या बोटांवर मोजावे इतकेच आज पूर्ण किंवा तुकड्यांनी शिल्लक आहेत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तोवर फाळक्यांना जाऊन वीस वर्षे झाली होती. पी. के. नायर यांनी पुढे चिकाटीने जे मिळेल ते गोळा केले, आणि फाळक्यांच्या कामाचे जे अवशेष आज दिसतात त्यांचे बरेचसे श्रेय त्यांच्या वणवणीला आहे.

‘आगकाड्यांची मौज’ त्या अवशेषांत नाही. कोलच्या आगकाड्यांवरून आणि फाळक्यांच्या वाटाण्याच्या हकिकतीवरून तिची कल्पना करावी लागते. १९१७ मधील ‘चित्रपट कसे तयार करतात’ या त्यांच्या पटाचा काही भाग उरला आहे. त्यात स्वतः फाळके कामात गढलेले दिसतात. १९१९ चा ‘कालियामर्दन’ बराचसा शाबूत आहे. त्याच्या आरंभी त्यांची मुलगी मंदाकिनी, वेष न चढविता, केवळ चेहऱ्याने भाव पालटून दाखविते. एकामागून एक रस त्या सातआठ वर्षांच्या मुखावर येतात आणि जातात, आणि मग तोच चेहरा हळूहळू कृष्णाचा होतो. एका वस्तूतून दुसरी वस्तू काढण्याची ती युक्ती येथेही आहे. फक्त आगकाडीऐवजी मुलगी आहे.